जुनी गाडी देऊन इलेक्ट्रिक घेतली, त्या एक्स्चेंजची गोष्ट

पुढच्या उजव्या फेंडरवर रंगाची जाडी मोजायचं यंत्र टेकलं आणि आकडा आला ४७० मायक्रॉन. तोवर सगळी गाडी ११० ते १३०च्या दरम्यान चालली होती. तपासणीला आलेल्या मुलानं मान वर न करता विचारलं, "मॅडम, हा फेंडर कधी रंगवलाय?"

"कधीच नाही," मी म्हटलं. "अकरा वर्षं गाडी माझ्याकडे आहे, मला माहीत नसेल का?"

त्यानं पुन्हा टेकवलं. ४६५. मग बॉनेट उघडून त्यानं मला फेंडरचे बोल्ट दाखवले. दोन बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग पान्यानं सोललेला होता. मी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो अगदी मन लावून टायर बघत होता.

तर सहा वर्षांपूर्वी मी आठवडाभर कामासाठी बाहेरगावी असताना यांनी गाडी गेटच्या खांबाला लावली, गुपचूप दुरुस्त करून घेतली आणि रंग इतका बेमालूम जुळवून आणला की मला पत्ताही लागला नाही. आणि मी कोण, तर मशीन शॉपमध्ये क्वालिटीत काम करणारी. मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, मोजण्यावर माझं पोट चालतं. यांचं बिंग फुटलं ते दुसऱ्याच्या मायक्रॉनवर.

त्या मुलाचं काम मला फार आवडलं, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे तक्रारी आहेत. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. एकदा वरून रंगवली की दोनशे-तीनशे, आणि खाली पुट्टी भरली असेल तर त्याच्याही बरंच वर. त्यानं प्रत्येक पत्र्यावर पाच जागी माप घेतलं, एकाच जागी टेकवून पुढे पळाला नाही. प्लास्टिकच्या बंपरवर ते यंत्र चालत नाही, म्हणून तिथे तिरक्या उजेडात वाकून बघितलं. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे) आणि मला सांगितलं की चारपैकी एक टायर बाकीच्यांपेक्षा तीन वर्षांनी तरुण आहे. ते मला ठाऊक होतं. स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला, इंजिन थंड असताना सुरू केलं, पाचव्या गिअरमध्ये हळू चालवत ॲक्सिलरेटर दाबून क्लच घसरतोय का ते पाहिलं. घसरत होताच, गाडी काढायची वेळ आणली होती ती त्या क्लचनंच. चाळीस मिनिटं लागली. शेवटी फॉर्मवर आम्हा दोघांसमोर प्रत्येक दोष लिहिला आणि प्रत्येकापुढे किती कापलं तेही लिहिलं. आमच्या शॉपमध्येसुद्धा इतका स्वच्छ तपासणी अहवाल रोज मिळत नाही.

शोरूमचं नाव मी लिहीत नाही, आणि गाडीचंही. नाव वाचून लोक त्या कंपनीवर भांडत बसतील आणि मला जे सांगायचंय ते बाजूला राहील.

आता हिशेब. खरी गंमत इथेच आहे. जुनी देऊन नवी घेणं म्हणजे दोन वेगळे व्यवहार. जुनी विकायची हा एक, नवी घ्यायची हा दुसरा. शोरूममध्ये मात्र ते असे काही एकमेकांत कालवले जातात की कुठला कितीला पडला ते आपल्यालाच समजत नाही. रुपये-पैसे बाजूला ठेवून नव्या गाडीची छापील किंमत १०० धरते. पहिल्या शोरूमनं आमच्या जुन्या गाडीचे १९ देऊ केले. नवरा हरखला. पण नव्या गाडीवर एका पैशाचीही सवलत नाही. म्हणजे खिशातून जाणार ८१. दुसऱ्या शोरूमनं, जिथे हा मायक्रॉनवाला मुलगा होता, जुन्या गाडीचे फक्त १५ सांगितले. नवऱ्याचा चेहरा उतरला. पण तिथे नव्या गाडीवर ४ची सूट होती आणि वर २चा एक्स्चेंज बोनस. ९४ वजा १५, ७९. म्हणजे ज्यांनी आपल्या गाडीची किंमत कमी केली त्यांच्याकडेच सौदा स्वस्त.

हे समजायला मला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं. दोन्हीकडचे सेल्समन 'फरक किती भरायचा' या एका प्रश्नाचं सरळ उत्तर देईनात. विचारलं की मासिक हप्ता सांगायचे, नाहीतर "मॅडम, जुन्या गाडीला इतका भाव बाजारात कुणी देणार नाही" असं काहीतरी. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी वही त्याच्यापुढे सरकवली आणि म्हटलं, "इथे एकच आकडा लिहा." तेव्हा लिहिला.

तिसरा रस्ताही होता. जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या एका वेगळ्या माणसानं १८ सांगितले होते. त्याला गाडी दिली असती तर २चा एक्स्चेंज बोनस गेला असता, नवी ९६ला पडली असती आणि फरक ७८. एक वाचला असता. आम्ही तो सोडला, कारण त्याला गाडी लगेच हवी होती आणि नवी यायला वेळ होता. मधल्या काळात अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दर आठवड्याला फिजिओथेरपीला न्यायचं कशातून? एकाचा मोह टाळला. बरोबर केलं का? थांबा.

कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं की जुन्या गाडीची किंमत पंधरा दिवस वैध. मी ते वाचलं होतं, अगदी व्यवस्थित वाचलं होतं, कारण डिलिव्हरी दोन आठवड्यांत म्हणजे चौदाव्या दिवशी आहे असं तोंडी सांगितलं होतं. नवी गाडी आली पाच आठवड्यांनी. आम्ही चौघं नटूनथटून शोरूमला गेलो, मुलीनं फोन उघडून फोटोची तयारी केली, आणि तेवढ्यात आतून निरोप आला की किंमत 'रिव्हाइज' झाली आहे. पंधरातला सव्वा गेला. पाऊण गेला 'बाजारभाव बदलला' म्हणून आणि अर्धा गेला दुसरी चावी नव्हती म्हणून.

नवी गाडी समोर लाल फितीत उभी, अण्णा खुर्चीत गुडघे चोळत बसलेले, आणि आपण भावासाठी घासाघीस करायची. ही वेळ मुद्दाम साधलेली असते असा माझा संशय आहे. माणूस फोटोच्या मूडमध्ये असताना भांडायला लाजतो. मी नाही लाजले. म्हटलं, "उशीर तुमच्याकडून झाला, गाडी माझ्या दारात उभी होती, पाच आठवड्यांत तीनशे किलोमीटर चाललीये. तुमच्या उशिराचे पैसे मी का भरू?" दीड तास लागला. मॅनेजर आला, गेला, फोनवर बोलून पुन्हा आला. शेवटी पाऊण परत मिळाला. चावीचा अर्धा मिळाला नाही, आणि तिथे त्यांचं म्हणणं मला पटतही होतं. तपासणीच्या फॉर्मवर त्या मुलानं 'दुसरी चावी: डिलिव्हरीच्या वेळी देणार' असं लिहिलं होतं आणि खाली माझीच सही होती. चावी घरातच होती. फक्त कुठे, ते कुणाला माहीत नव्हतं.

म्हणजे पडली ७९.५ला. तो बाहेरचा माणूस आणि ७८ आठवतायत ना? मलाही आठवतात.

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा की तपासणीच्या दिवशीच त्यांच्याकडून लिहून घ्या, उशीर त्यांच्याकडून झाला तर किंमत तीच राहील. आणि गाडी ताब्यात देताना मालकी बदलल्याचा कागद कधी हातात पडणार तेही लेखी घ्या, कारण तोवर कागदोपत्री गाडी तुमचीच असते आणि नव्या माणसाला झालेला दंड तुमच्या नावावर येऊ शकतो. आम्हाला तो कागद अठराव्या दिवशी मिळाला, एका फोनवर. त्याबद्दल तक्रार नाही. हो, म्युझिक सिस्टिममधले फोन नंबरही पुसा. आमच्यात माझ्या नणंदेचे तीन वेगवेगळे नंबर निघाले, त्यातला चालू कुठला हे तिलाही सांगता आलं नाही.

तपासणीला पाचपैकी पाच. हिशेबाला दोन. तेही दुसरा तारा मॅनेजरनं शेवटी ऐकून घेतलं म्हणून.

आता गाडी. पाच महिने झाले, साडेसहा हजार किलोमीटर. सेल्समननं सांगितलेल्या गोष्टींपैकी सर्वांत चुकीची निघाली ती चार्जिंगची. "मॅडम, ८०च्या वर कधीच चार्ज करू नका, बॅटरी जाते." मी तीन आठवडे इमानानं ८०वर थांबले. मग एका रात्री झोप येईना म्हणून गाडीचं पुस्तक वाचायला घेतलं, तर त्यात स्पष्ट लिहिलेलं की आठवड्यातून एकदा १०० टक्के करा. कारण आमच्या गाडीची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी. निकेल-कोबाल्टच्या बॅटऱ्यांना रोज गच्च भरणं सोसत नाही, त्यांच्यासाठी ८०चा नियम ठीक आहे. एलएफपीचा व्होल्टेज मात्र मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, ४० टक्के काय आणि ६० काय, गाडीला नीट फरक कळत नाही. टोकाला नेली की तिला स्वतःचा हिशेब जुळवता येतो. अधूनमधून टोकाला नेली नाही तर पडद्यावरचा टक्क्याचा आकडा भरकटत जातो. आमच्या भाषेत सांगायचं तर गेज झिरो करायचा राहून जातो. शोरूममध्ये उभ्या असलेल्या माणसाला आपण विकतोय त्या गाडीत कुठली बॅटरी आहे एवढं तरी माहीत हवं की नको?

हे एलएफपी प्रकरण १९९७मध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून जगापुढे आलं. त्यांना २०१९मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. मी हे अण्णांना वाचून दाखवलं. अण्णा ८१चे. म्हणाले, "म्हणजे माझी अजून सोळा वर्षं आहेत."

त्याच अण्णांना ही गाडी पहिल्या दिवसापासून आवडलेली नाही, आणि त्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. बॅटरी पायाखाली असते, त्यामुळे मागची जमीन उंच येते आणि सीट मात्र तेवढी वर जाऊ शकत नाही, नाहीतर डोकं छताला लागेल. परिणाम असा की मागे बसलेल्याचे गुडघे वर येतात आणि मांडीखाली आधारच राहत नाही. मी टेप घेऊन मोजलं. जुन्या गाडीत जमिनीपासून सीटची पुढची कड ३६ सेंटिमीटर होती, नवीत २९. सात सेंटिमीटर वाचताना काहीच वाटत नाहीत, गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाला ते पहिल्या दहा मिनिटांत कळतात. टेस्ट ड्राइव्हला आम्ही अण्णांना नेलं नव्हतं, ही आमची चूक. आता ते पुढे बसतात आणि नवरा मागे, गुडघे हनुवटीला लावून. फेंडरची शिक्षा म्हणून मी ते चालवून घेतलंय.

चालवायला मात्र छान आहे, त्यावर जास्त लिहीत नाही, सगळे लिहितात. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी स्वतःच वेग कमी करते आणि त्यातून बॅटरीत वीज भरते. हे सगळ्यात जोरदार पातळीवर ठेवलं तर मागे बसलेल्याला डुलक्या घेता येत नाहीत आणि मुलगी दुसऱ्याच चौकात म्हणते, "आई, मळमळतंय." मधली पातळी ठेवली. ताशी २०च्या खाली गाडी मुद्दाम गुणगुणल्यासारखा आवाज करते, चालणाऱ्यांना कळावं म्हणून. सोसायटीच्या कुत्र्याचा त्या आवाजावर अजून विश्वास नाही.

खर्चाचं मी पैशात सांगत नाही, ऊर्जेत सांगते, कारण दर ज्याचे त्याचे वेगळे. पेट्रोलच्या एका लिटरात साधारण ९ युनिट ऊर्जा असते. जुनी गाडी लिटरला पंधरा द्यायची, म्हणजे १०० किलोमीटरला साधारण ६० युनिट. नवी शहरात त्याच १०० किलोमीटरला साडेचौदा युनिट घेते. चौपट फरक. जुन्या इंजिनात बाकीची ऊर्जा नुसती गरम होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जायची. अकरा वर्षं मी बरंचसं ऊन विकत घेत होते म्हणायचं.

घरी पार्किंगमध्ये ७ किलोवॉटचा चार्जर बसवलाय. बॅटरी ४५ युनिटची. वीस टक्क्यांवरून ऐंशीला चार-सव्वाचार तास. रात्री लावायची, सकाळी काढायची, फोनसारखं. तो बसेपर्यंतचे बारा दिवस साध्या जाड पिनच्या सॉकेटवर काढले, त्यावर तेवढ्याच भरण्याला दहा तास लागायचे, आणि तरीही अडलं काही नाही. ज्यांच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरची वायर पोचत नाही त्यांनी मात्र आधी तो प्रश्न सोडवावा, मग शोरूमची पायरी चढावी. उलट्या क्रमानं गेलेला आमच्याच बिल्डिंगमधला एक शेजारी सध्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडायचा विचार बोलून दाखवतोय. सेक्रेटरी त्याच्याशी बोलेनासे झालेत.

लांबचा प्रवास एकदाच केला. २६० किलोमीटर. माहितीपत्रकात रेंज चारशेच्या वर लिहिलेली. प्रयोगशाळेतली चाचणी आणि रस्ता यात फरक असणारच. डब्ल्यूएलटीपी ही आजची त्यातल्या त्यात प्रामाणिक चाचणी, पण तिचाही सरासरी वेग ताशी ४६.५ किलोमीटर आहे. आम्ही ताशी १००नं चाललो होतो आणि त्या वेगाला हवा फुकट बाजूला होत नाही. १०० किलोमीटरला १८ युनिट जायला लागली. २०५ किलोमीटरवर १८ टक्के उरले, तेव्हा चार्जिंग स्टेशनवर थांबलो. दोन गन. एक बंद, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. दुसरी एका गाडीला लावलेली, पडद्यावर ९१ टक्के, आणि मालक सीट मागे टाकून घोरतोय.

इथे ८०चा नियम खरा उपयोगाचा आहे. वेगवान चार्जरवर ऐंशीच्या पुढे बॅटरी वीज घ्यायला कुरकुर करते, गती हळूहळू उतरत जाते आणि शेवटचे वीस टक्के भरायला आधीच्या साठइतका वेळ लागू शकतो. तो गृहस्थ झोपेत ९१चे १०० करत होता आणि मागे आम्ही उभे. नवरा काचेवर टकटक करायला संकोचत होता. अण्णा उतरले, काठीनं टकटक केलं आणि म्हणाले, "पोट भरलं असेल तर उठा." तो माणूस बिचारा ओशाळून निघाला. आमची १८वरून ८०ला बेचाळीस मिनिटांत आली. वाट बघण्यात पस्तीस गेली होती. जुन्या गाडीत हे सगळं दहा मिनिटांत आटपलं असतं, हे मान्य. पण असा प्रवास आम्ही वर्षातून तीन-चारदा करतो आणि शहरात रोज फिरतो.

पुढे कधी ही गाडी विकायची झाली तर मायक्रॉनवाला मुलगा फेंडरच्या आधी बॅटरीची उरलेली क्षमता विचारेल. बहुतेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात, पण तिच्या अटींत साधारण ७० टक्क्यांच्या खाली क्षमता गेली तरच, असं लिहिलेलं असतं. बहात्तरवर अडकलेल्या गाडीला कोण काय भाव देईल? गाडीला चार तारे देते. पाचवा मागच्या सीटखाली सात सेंटिमीटर अडकलाय.

परवा अण्णांच्या जुन्या चष्म्याच्या डबीत चावी सापडली. दुसरी चावी, त्या जुन्या गाडीची. ती तिथे कशी गेली ते अण्णा सांगत नाहीत. मी शोरूमला फोन लावला. नशिबानं तोच मुलगा भेटला.

"मॅडम, ती गाडी तर कधीच विकली गेली. पण आणून द्या, मी नव्या मालकाला पोचवतो."

"आणि चावीचे कापलेले पैसे?"

"ते मॅनेजर सरांना विचारून कळवतो."

चावी फ्रिजवर ठेवली आहे. त्याला नऊ दिवस झाले.